मुंग्या नव्हेत, ते दाणे

पहिल्या शनिवारी सिनेमा सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नसतील, तेवढ्यात शेजारचे नाना खुर्चीतून पुढे वाकले आणि म्हणाले, "अरे, मुंग्यो येतत रे. अँटिना फिरव बघूया."

आमच्या कौलांवरची अँटिना उतरवून वीसेक वर्षं झाली. तिचा पाइप सध्या पडवळाच्या मांडवाला आहे. पण नानांना हसण्यात अर्थ नव्हता. आमच्या पिढीने 'पथेर पांचाली' पाहिला तो दूरदर्शनवर, रविवारी दुपारी जेवून आडवं होण्याच्या वेळी. डोंगराआडच्या वाडीत सिग्नल येणार किती? अर्धा सिनेमा आणि अर्ध्या मुंग्या. त्यामुळे पडद्यावर काही वळवळलं की हात आपोआप अँटिनाकडे जातो.

ज्या डब्याबद्दल लिहितोय तो आधी सांगतो. बंगाली दिग्दर्शक सत्यजित राय यांची अपू-त्रयी, म्हणजे अपू नावाच्या मुलाची गोष्ट सांगणारे तीन सिनेमे, 'पथेर पांचाली' (१९५५), 'अपराजितो' (१९५६) आणि 'अपुर संसार' (१९५९). तीन ब्लू-रे चकत्या, २०१५ साली अमेरिकेत निघालेला संच. भाचा तिकडे असतो. अर्ध्या किमतीचा सेल लागला तेव्हा त्याने घेतला आणि गणपतीला येताना कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणला. मी मोदकाचं सारण ढवळायचं सोडून आधी त्याचं प्लॅस्टिक फाडलं, त्यावरून घरात बोलणीही खाल्ली.

माझी ओळख म्हणाल तर १९८७ पासून सोळा वर्षं मी आचऱ्याच्या बाजूला व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालवली. आता मिक्सर, पंखे, इन्व्हर्टर दुरुस्त करतो. त्यामुळे चित्र खराब कसं होतं याचा माझा अभ्यास चांगला आहे. पावसाळ्यात कॅसेटच्या रिळाच्या कडेला पांढरी बुरशी धरायची. तशी एक कॅसेट व्हीसीआरमध्ये गेली की हेड जाम आणि त्याच हेडवरून पुढच्या चार कॅसेटना लागण. मी कपाटात रात्रंदिवस चाळीसचा बल्ब जळत ठेवायचो, आत ऊब राहावी म्हणून. हे कपाट अजून आहे, फक्त एलईडी तापत नाही, म्हणून जुना पिवळा बल्ब कुठल्या दुकानात पडलेला दिसतो का हे बघत कणकवलीभर फिरावं लागतं. चकत्या सध्या त्याच कपाटात आहेत.

तर बुरशीशी झुंजलेल्या माणसाने आगीतून वाचलेला सिनेमा पाहिला, असं समजून पुढचं वाचा.

आगीची गोष्ट मी सिनेमा लावण्याआधीच सगळ्यांना सांगितली होती. १९९३ साली लंडनच्या एका लॅबमध्ये आग लागली. रायबाबूंच्या बऱ्याच सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह तेव्हा तिथे होत्या, त्यात या तिन्हींच्याही. जे उरलं ते करपलेलं, आकसलेलं, एकमेकांना चिकटलेलं. कुठल्याही मशीनवर चढणार नाही असं. पण ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहालयाने ते फेकलं नाही, जपून ठेवलं. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या लॅबमध्ये त्या सुकून कडक झालेल्या फितीत पुन्हा ओल भरली, म्हणजे तिला वाकण्याइतकी मऊ केली. कडेची फुटलेली भोकं हाताने नवी लावली, वितळलेला गोंद खरवडला. या हातकामालाच जवळपास हजार तास लागले. एवढं करून 'पथेर पांचाली'चा ४० टक्के भाग आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला. बाकीचं जगभरच्या संग्रहांतल्या चांगल्या प्रतींवरून जोडलं. 'अपुर संसार'ची दोनच रिळं उरली होती आणि तीही कामाची निघाली नाहीत, म्हणून तो पूर्ण सिनेमा दुसऱ्या प्रतींवरून केला.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे जळलेला कसा काय दिसता?" तिला वाटलं, चित्रात काळे डाग असणार.

डाग नाहीत. पण नीट बघणाऱ्याला सांधा कळतो. एखादं दृश्य इतकं लख्ख चालू असतं की भिंतीचा पोपडा बोटाने उचलावासा वाटतो आणि पुढच्याच शॉटला चित्र किंचित मऊ पडतं, काळा रंग थोडा राखाडी होतो. तिथे मूळ निगेटिव्ह संपून प्रत सुरू झाली असणार, असा माझा अंदाज. मला याचं वाईट वाटलं नाही. उलट सांधा पार बुजवून टाकला असता तर मला संशय आला असता. जुन्या घराला नवी कौलं घातली की दोन्ही कौलांचा रंग वेगळा दिसतो, चार पावसाळे जातात तेव्हा कुठे सारखा होतो. तसंच हे.

आता मुंग्यांकडे. नानांना मी सिनेमा थांबवून पडद्याजवळ नेलं. सिग्नलच्या मुंग्या चित्राच्या वर बसतात. खाली चित्र वेगळं, वर मुंग्या वेगळ्या. फिल्मवरचे दाणे तसे नसतात, चित्रच त्यांचं बनलेलं असतं. फितीवर चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात, त्यांच्यावर उजेड पडतो आणि त्यातून नाक, डोळे, झाड, सगळं उमटतं. हे दाणे काढले की चेहराही थोडा निघून जातो. काही जुन्या सिनेमांच्या 'चकाचक' केलेल्या प्रती मी पाहिल्यात. त्यात नायकाच्या गालावर मेण फासल्यासारखं दिसतं. या संचात तो प्रकार नाही. घरातली म्हातारी इंदिर ठाकरुण झालेल्या चुनीबाला देवींच्या हातावरच्या सुरकुत्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट आहेत. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या घरात होतं आणि सिनेमा प्रदर्शित होण्याआधीच त्या गेल्या. आई मात्र त्यांच्याशी पडद्यातून बोलत होती. "ही तर आमची धाकली आते. बघ, बघ, बोटा कशी चाटता!" अपूच्या बहिणीने, दुर्गाने, चोरून आणलेला पेरू म्हातारीच्या हातात पडला तेव्हा आई अशी हसली, की मला पुढचं ऐकू आलं नाही.

टीव्हीच्या सेटिंगवर थोडं लिहितो, कारण निम्मे लोक इथेच पैसे वाया घालवतात. पहिली गोष्ट, हे चित्र जवळपास चौकोनी आहे. आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. "दोनय बाजूक काळा कित्याक ता?" हा प्रश्न जमलेल्या सगळ्यांनी विचारला आणि मी चहाला उठलो तेवढ्यात कोणीतरी रिमोट घेऊन चित्र ताणलं. परत आलो तर अपू पाच वर्षांचा पैलवान झालेला. रिमोट आता माझ्या खिशात असतो. दुसरी गोष्ट, हल्लीच्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सेटिंग असते आणि ती दुकानातूनच चालू होऊन येते. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. टीव्ही मधल्या चौकटी मनाने तयार करून घुसवतो आणि रायबाबूंचा सिनेमा संध्याकाळी सातच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. ती बंद करा. रंग भडक करणारा मोडही बंद करा. खोलीत अंधार करा. आमच्याकडे अंधाराची सोय महावितरणच करतं, पण तेव्हा टीव्हीही जातो.

माझ्याकडे याच सिनेमाची एक जुनी डीव्हीडी होती, कोलकात्याहून एका गिऱ्हाइकाने आणून दिलेली. ती १२० मिनिटांत संपायची. ब्लू-रे १२५ मिनिटं चालते. इतकी वर्षं मी लोकांना छातीठोक सांगत होतो की आपल्याला कापलेली प्रत मिळाली. खरं कारण नानांनी पकडलं, तेही नकळत. नाना म्हणजे दशावतारातले पेटीवाले. आयुष्यभर रात्र रात्र जागून राजा, राक्षस आणि नारदाचे सूर सांभाळलेले. दुर्गा वारल्यावर तिचा बाप हरिहर घरी परततो, तिच्यासाठी आणलेली साडी दाखवतो आणि तिची आई सर्बजया साडी दातांत धरून कोसळते. तिथे तिचं रडणं ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, वाजते, वरच्या सप्तकात, राग पटदीप. नानांनी मला आधीची डीव्हीडी लावायला सांगितली, पुन्हा ब्लू-रे लावायला सांगितली, मग घरी जाऊन पेटी घेऊन आले. निकाल असा: डीव्हीडीतला सूर पाऊण पट्टी वर. "काळी आणि पांढरी, दोघींच्या मधी लोंबकाळता. ब्लू-रेचो बसता."

मग माझी ट्यूब पेटली. आपल्याकडच्या टीव्हीच्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी. २४ चौकटींचा सिनेमा त्यावर चढवायचा तर सरळ थोडा जोरात पळवायचे, चार टक्के. १२५ मिनिटांचं १२० होतं, एकही दृश्य न कापता. आणि टेप जोरात फिरवली की सूर चढतो, तसा सगळ्यांचा आवाज चढतो. ब्लू-रेवर २४ चे २४ राहतात. म्हणजे रविशंकरांचं संगीत मी इतकी वर्षं चुकीच्या पट्टीत ऐकत होतो आणि वर कापलेल्या प्रतीची तक्रार करत होतो. आवाज एकाच वाहिनीचा आहे, मोनो. मूळ होता तसा. घरातल्या एका तरुणाने "सराउंड नाही का?" म्हणून तोंड वाकडं केलं. त्याला मी पडवीत जाऊन पाऊस ऐकायला सांगितलं.

माझा सगळ्यात आवडता भाग दुसऱ्या चकतीवर आहे. 'अपराजितो'त सर्बजया एकटी, आजारी, संध्याकाळी झाडाला टेकून बसलेली. मुलगा कोलकात्याला. तिला वाटतं तो आला, ती उठते, आणि समोर काळोखात काजवे. टीव्हीवर मी हे पूर्वी पाहिलं तेव्हा मला काजवे दिसलेच नव्हते. मुंग्यांत काजवे कसे ओळखणार? या वेळी दिसले, एकेक, तरंगत जाणारे. आणि त्यामागची करामत माहीत असेल तर आणखी मजा येते. त्या काळच्या फिल्मवर खरे काजवे उमटतच नव्हते. म्हणून रायबाबूंनी आपल्या माणसांना काळे कपडे घालून काळोखात उभं केलं, प्रत्येकाच्या हातात टॉर्चचा छोटा बल्ब, वायर आणि बॅटरी. हात वर करून ती माणसं गोल गोल नाचली, तेच काजवे. बल्ब-वायर-बॅटरीवर पोट असलेल्या माझ्यासारख्याला यापेक्षा मोठा सन्मान नाही.

माझ्या धंद्यातल्या डोक्यात मात्र वेगळाच विचार आला. साफसफाई करणारं सॉफ्टवेअर काय करतं? एका चौकटीत आहे आणि मागच्या-पुढच्या चौकटीत नाही, असा ठिपका दिसला की धूळ समजून पुसतं. मग लुकलुकणारा काजवा आणि धूळ यात फरक कोणी केला? तिथे माणूस बसलेला असणार. चौकट चौकट बघत, हा काजवा ठेव, ही धूळ काढ. हजार तासांचं हातकाम ऐकून मी मान डोलावली होती, पण या एका दृश्याने मला ते पटलं.

'अपराजितो'तला बनारसच्या घराचा चौक पाहून गुरुजी म्हणाले, हे खऱ्या घरातच केलंय. नाही, तो स्टुडिओतला सेट. कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्याच्यावर मारून उजेड खाली परतवला, म्हणून तो वरून आकाशातून झिरपल्यासारखा पडतो. आमच्या जुन्या घरांच्या चौकात श्रावणात तस्साच उजेड असतो, सावली नसलेला. जुन्या प्रतीत तिथे सगळं सपाट पांढरं होतं.

नानांचं लक्ष अर्थात दुसरीकडे होतं. पहिल्या सिनेमात गावात जात्रा येते, म्हणजे तिकडचं नाटक, आणि अपू डोळे फाडून बघतो. दुसऱ्या दिवशी बहिणीची बेगड पळवून स्वतःला मुकुट आणि मिशी लावतो. "ह्यो मुकुट आमचोच," नाना म्हणाले आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी बेगड कशावर चिकटवायची, खळ कशी करायची, हे सांगितलं. कोणी त्यांना गप्प केलं नाही. मी सिनेमा थांबवून ठेवला. ही सोय थिएटरात नाही.

कास गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून भाऊ-बहीण आगगाडी बघायला पळतात ते दृश्य तर सगळ्यांना पाठ आहे. माझ्या आठवणीत तिथे तुरे नव्हतेच, नुसता पांढरा धूर होता. आता एकेका तुऱ्याची लव दिसते. शूटिंगची सुरुवात याच दृश्याने झाली होती. आठवड्याने पुढचा भाग घ्यायला मंडळी परत गेली तर गुरांनी सगळं कास खाऊन फस्त केलेलं. पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. यावर आमच्याकडे सिनेमापेक्षा जास्त चर्चा झाली. गुरं मोकाट सोडणं हा आमच्या वाडीत जुना, न मिटलेला विषय आहे.

तिसरा सिनेमा, 'अपुर संसार', चित्राच्या बाबतीत थोडा उणा. मूळ निगेटिव्ह नसल्याचं जाणवतं, एकूणच मऊ. तरी जुन्या प्रतीपेक्षा कितीतरी वर. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण त्या रात्री दोनदा लाईट गेली आणि माझं अर्धं लक्ष इन्व्हर्टरच्या काट्यावर होतं.

आता कुरकुर. एक, चकती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे तिच्या रिजनवर ठरतं, आणि या चकत्या अमेरिकेच्या रिजनच्या, म्हणजे 'ए'. भारत 'सी'त येतो. मुंबईतल्या एका दुकानदाराने "काका, सगळं चालतं याच्यावर" म्हणून मला जो प्लेअर दिला, त्याने चकती गिळली आणि पडद्यावर नकार दाखवला. डीव्हीडीच्या काळात रिमोटवरून आकडे दाबून रिजन उघडायचा, मला तेच वाटलं होतं. बऱ्याच ब्लू-रे प्लेअरना ते चालत नाही. दोन वेळा तुतारी एक्स्प्रेसने मुंबई केली, तेव्हा रिजन-फ्री प्लेअर हातात आला. घेताना आपली चकती सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा.

दोन, खालची अक्षरं फक्त इंग्रजीत. हे मला खरंच खुपतं. गुरुजींनी पहिल्या दिवशी वाचून मराठीत सांगायला सुरुवात केली, तर त्यांच्या आवाजाखाली सितार गेली. मग ठरलं, आधी पाच मिनिटं गोष्ट सांगायची आणि नंतर कोणी बोलायचं नाही. हे चाललं. आईला 'मा' आणि 'दीदी' एवढे दोन शब्द पुरले. पण बंगालीतला सिनेमा मराठी माणसाने इंग्रजीतून समजून घ्यायचा, हा वळसा जरा लांबचाच.

तीन, डबा पुठ्ठ्याचा. दिसायला देखणा, पण आमच्या हवेत पुठ्ठा जुलैतच पापडासारखा मऊ पडतो. चकत्या मी काढून प्लॅस्टिकच्या जुन्या कव्हरांत ठेवल्या आणि रिकामा डबा काचेच्या कपाटात.

आणि चौथी कुरकुर या डब्याबद्दल नाहीच. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६चा, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजलेला. माझ्याकडे त्याची जी व्हीसीडी आहे तीत तुकाराम झालेल्या विष्णुपंत पगनीसांचा चेहरा म्हणजे उकडलेल्या बटाट्यावर डोळे काढल्यासारखा. पुण्यात २००३ साली आग लागली तेव्हा नायट्रेटवरची जुनी रिळं गेली, त्यात प्रभातचीही होती. नायट्रेट पेटलं की पाण्याखालीही जळत राहतं, त्याला कोण काय करणार. पण बोलोन्याच्या लोकांनी कोळशातून चाळीस टक्के काढले, हे पाहिल्यावर जिजाईचा तो राग, तिने हातात उचललेली ती चप्पल, हे सगळं मला असंच लख्ख, दाण्यांसकट बघायचंय. त्या डब्याला मी पूर्ण किंमत मोजेन, सेलची वाट न बघता.

पहिल्या सिनेमाच्या शेवटी कुटुंब बैलगाडीतून गाव सोडतं आणि रिकाम्या घरात साप शिरतो. आमच्या वाडीत चौदा घरांपैकी सहा बंद आहेत, मे महिन्यात आणि गणपतीला उघडतात. साप उंबरठा ओलांडून आत गेला, तेव्हा कोणी काही बोललं नाही. मग आईने विचारलं, "वरच्या घरवाल्यांनी कुलूप तरी धड लावलाहा काय रे?" नाना टॉर्च घेऊन बघून आले. लावलेलं होतं.

घ्यावा का? ब्लू-रे प्लेअर आधीच असेल, तो हे रिजन घेत असेल आणि घरात निदान एक माणूस तरी शेवटपर्यंत सोबत बसणारा असेल, तर डोळे मिटून घ्या. प्लेअरपासून सुरुवात करायची असेल तर खर्च दुप्पट धरा. मोबाईलवर बघणार असाल तर घेऊ नका.

गुरुजींनी आणि पोस्टमास्तरांनी डबा चार दिवस उसना मागितला आहे. लायब्ररी मी केव्हाच बंद केली. कॅसेट नेऊन परत न आणणाऱ्यांची वही अजून माझ्याकडे आहे आणि गुरुजींचं नाव तीत दोनदा आहे. ज्याला बघायचंय त्याने शनिवारी साडेसातला यावं. येताना टॉर्च आणावी, पाणंदीत दिवे नाहीत.